महाळुंग्याची गोल करवत

चिंचवड,
२० ऑक्टोबर १९५६

प्रिय दादा,

तुझं पत्र दसऱ्याआधीच पोचलं. जुनं यंत्र घेताना काय काय तपासायचं ते तू लिहिलं होतंस, तो कागद घेऊनच आम्ही महाळुंग्याला गेलो. यंत्र पाहिलं आणि घेतलंही. आता ते परसातल्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून बसलं आहे. चांगलं निघालं का, असं तू विचारशील. चांगलं निघालं. पण तेवढंच सांगून भागलं असतं तर मी इतके दिवस लिहायची थांबले नसते.

ह्यांनी ज्येष्ठात डेपोतली सुताराची नोकरी सोडली तेव्हा साहेबाशी खटका उडाला असं तुलाही कळवलं होतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पिंपरीला कारखान्याची वसाहत उठते आहे, दारंखिडक्यांचं काम मागावं तेवढं मिळतं, घरीच कारखाना काढू, असं हे म्हणाले. मी म्हटलं, काढा. पण गोल करवतीचा हट्ट मला उमगेना. तूही दोनदा लिहिलंस, की हातकरवतीवर ज्यानं बावीस वर्षं नाव काढलं त्याला आता यंत्र कशाला? मी तेच विचारलं, तर अंगावर आले. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्यावर आवाज चढवायची ह्यांची ती पहिलीच वेळ.

आणखीही काही काही होत होतं. पानात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची. मला वाटायचं, तिखट झाली असेल. कुणी बाजूनं हाक मारली की हे नुसती नजर न वळवता अख्खी मान वळवायचे. गणपतीत शेजारच्या मंजुळाबाईंच्या उंबऱ्याला ठेचकाळून पडले आणि उठून उंबऱ्यालाच नावं ठेवली, म्हणाले, कुणा अडाण्यानं बसवलाय! तो उंबरा ह्यांनीच बसवलेला होता, दादा. मी हसले होते. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

दसऱ्याला चार दिवस होते तेव्हा आम्ही निघालो. तळेगावापर्यंत आगगाडी, पुढं एस.टी. तू कशाला येतेस म्हणून हे कुरकुरले, पण दादाचा कागद वाचून कोण दाखवणार, असं मी म्हटल्यावर कबूल झाले. हे एरवी वर्तमानपत्र ओळ न ओळ वाचणारे, आणि हल्ली तुझी पत्रंसुद्धा मलाच वाचायला सांगतात, हेही मला तेव्हा एस.टी.त बसल्यावर सुचलं.

यंत्राचे मालक सोपानराव, चाकणच्या बाजूचे शेतकरी. लष्करी सामानाच्या लिलावात घेतलेलं यंत्र त्यांनी तेलाच्या इंजिनावर दोन वर्षं चालवलं. भाऊ वारल्यावर वखारच बंद केली. माणूस सरळ वाटला. ह्यांनी तुझ्या कागदाबरहुकूम सगळं पाहिलं, पण पाहिलं म्हणजे हातांनी. लोखंडी मेजावरून तळवा फिरवला, पातं दोन्ही हातांत धरून हलवलं, दांडा ढिला नाही ना ते जोखलं. मग पात्याच्या एकेका दाताच्या मुळाशी नख नेत गेले आणि एका जागी थांबले. म्हणाले, "इथं तडा आहे." सोपानराव वाकून वाकून बघत होते, त्यांना दिसेना. मलाही दिसेना. शेवटी रॉकेलचं बोट फिरवून पुसलं तेव्हा केसाएवढी रेघ उमटली. सोपानराव म्हणाले, "अर्जुनराव, तुमची नजर लई बारीक हाय." तडा गेलेलं पातं काढून सोपानरावांनी दुसरं चढवलं आणि म्हणाले, आता चालवूनच बघा.

इंजिन लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाला. सोपानराव तिकडं गेले, हँडल मारलं, पट्टा फिरायला लागला आणि त्या करवतीनं असा सूर धरला की माझ्या दाढा शिवशिवल्या. ह्यांनी सागाची फळी घेतली, उजवीकडच्या लोखंडी आडाला, म्हणजे फळी सरळ जावी म्हणून बसवलेल्या पट्टीला, टेकवली आणि पुढं रेटायला लागले. उजवा हात मागून रेटत होता, डावा फळीवर दाबून ठेवलेला. फळी पुढं जात होती तसा डावा हातही तिच्याबरोबर पुढं जात होता. मला वाटलं, आता थांबेल. मग वाटलं, आता तरी थांबेल. ह्यांची नजर उजवीकडच्या आडावर खिळलेली, चेहरा शांत. अंगठा पात्यापासून चार बोटांवर आला, मग तीन. आणि त्या क्षणी मला कळलं, दादा. ती चटणी, तो उंबरा, ती वळणारी मान, सगळं एकदम कळलं. ह्यांना तो हात दिसतच नव्हता.

किंकाळी घशापर्यंत आली होती. पण तू लिहिलं होतंस, चालत्या करवतीपाशी माणसाला कधी दचकवू नये. मी ओठ आवळले, डाव्या अंगानं पुढं झाले आणि ह्यांच्या मनगटावर हात ठेवला. ओढलं नाही. नुसतं धरून हळूच मागं घेतलं. हे जागच्या जागी ताठ झाले, पण उजवा हात थांबला नाही. फळी पार झाली. दोन तुकडे पलीकडं पडले तेव्हा मी खाली पाहिलं. ह्यांच्या अंगठ्याच्या नखाची कड कापून गेली होती. रक्त नव्हतं.

सोपानराव इंजिन बंद करून धावत आले. "वैनी, असं मधी येऊ न्हाई! हात गेला असता तुमचा!" मी म्हटलं, चुकलं. ह्यांनी मूठ मिटून घेतली होती.

परतीच्या वाटेवर तळेगावच्या फलाटावर गाडीला उशीर होता. बाकावर बसल्यावर हे समोर बघत म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"मघाशी."

"मला चैत्रात."

मग एकेक सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरनं काचबिंदू म्हणून सांगितलंय. दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकत येतो, गेलेलं परत येत नाही. औषधानं उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. साहेबाशी खटका वगैरे काही उडालाच नव्हता. डेपोतल्या डोळे-तपासणीत हे नापास झाले होते. मी विचारलं, मग असं असताना ही करवत? जिवावर उदार झालात का? तेव्हा म्हणाले, "हातकरवतीला रेघ दिसावी लागते, शालन. माझी रेघ आता चुकते. यंत्राला आड असतो. फळी टेकवली की सरळच कापली जाते. डोळे नसले तरी चालेल असं मला वाटलं होतं." आणि त्या भरल्या फलाटावर माझ्या माणसानं उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.

घरी आल्यावर मी सांगितलं, यंत्र घ्यायचं, पण चालवीन मी. तुम्ही लाकूड निवडा, मापं सांगा, सांधे जुळवा, हातांनी तडा शोधा. पात्याला हात लावायचा नाही. हे जेवणावरून उठले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुताराची बायको करवत चालवणार, लोक काय म्हणतील, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण घरभर ते ऐकू येत होतं. मीही माघार घेतली नाही, सोपानरावांना यंत्र घेतल्याचा निरोप मीच धाडला. दसऱ्याच्या सकाळी सोपानरावांच्या बैलगाडीतून यंत्र आणि त्याचं इंजिन आलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि स्वयंपाकाला वळले, तर ह्यांनी हाक मारली. म्हणाले, "इथं उभी राहा, सरळ." मग माझ्या पायापासून कोपरापर्यंत वीत टाकत माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि यंत्राच्या लाकडी बैठकीवर हात ठेवून म्हणाले, "चार बोटं खाली घ्यावं लागेल. नाहीतर तुझे खांदे भरून येतील." दुपारी बसून त्यांनी बैठकीचे चारही पाय स्वतः कापले. करवत रेघेवर आहे ना, ते मी बघत होते.

म्हणून हे पत्र, दादा. तू परळच्या कारखान्यात अशाच करवतीवर उभा असतोस आणि तुझी दहाही बोटं शाबूत आहेत. दिवाळीची रजा घेऊन आठ दिवस ये. वहिनीला आणि मुलांनाही आण. ह्यांना शिकवायला नको, मला शिकव. कुठं उभं राहायचं, हात कुठं थांबवायचा, भीती वाटली तर काय करायचं, सगळं. मला भीती वाटते, हे ह्यांना सांगितलेलं नाही, तुला सांगते. आणि आल्यावर ह्यांच्या डोळ्यांचा विषय तू काढू नकोस. तू येतोस का असं विचार, हे त्यांनीच मला सांगितलं आहे. तेवढं बोलायला त्यांना काय पडलं असेल ते तू समजून घे.

तू येशील तोवर पट्टा चढवणार नाही.

तुझीच,
शालन