पालथ्या हातावरचा शिक्का

शनिवार, ५ ऑक्टोबर

आले एकदाची! मनिलाच्या शाळेत अडतीस वर्षं हजेरी घेऊन घेऊन घसा बसला, आता सान फिदेलच्या समुद्राकाठी बसून खारी हवा खायची. तीन पोती पुस्तकं, एक शिवणयंत्र आणि मी, एवढं सगळं तीनचाकीत कोंबून धाकट्या बहिणीच्या दारात उतरले. सोलिंगनं आधी पोत्यांकडे पाहून कपाळावर हात मारला, मग माझ्या गळ्यात पडली. लसणीचा भात आणि सुकी मासळी पुढ्यात ठेवून म्हणाली की मानांग (मोठ्या बहिणीला आम्ही हेच म्हणतो), तू इथे रिकामी बसलीस तर आठ दिवसांत मला शिस्त लावशील, त्यापेक्षा मी तुझ्यासाठी काम बघून ठेवलंय.

काम म्हणजे चर्चच्या तुरुंगसेवा मंडळाचं. दर शनिवारी दुपारी पाच जणांनी जिल्हा तुरुंगात जायचं, शास्त्रवाचन आणि गाणी म्हणायची, कैद्यांशी बोलायचं. मंडळात एक जागा रिकामी होती. मंडळाचे प्रमुख ब्रदर तेओदुलो संध्याकाळीच नियमांचं पुस्तक घेऊन आले. हा माणूस पोस्टात होता, अजूनही पाकिटावरचा पत्ता वाचल्यासारखा बोलतो. बावीस नियम! माझ्या वर्गाचे बारा होते आणि त्यातले सात मीच मोडायची.

दागिने नकोत, फोन नको, पेनसुद्धा नको, वही-पेन्सिल चालेल. चिठ्ठी आत न्यायची नाही, बाहेर आणायची नाही. कैद्याला कसलंही वचन द्यायचं नाही. बाप्तिस्म्याला कुणाही कैद्याची धर्ममाता व्हायचं नाही. आणि कैद्याला आपला हात कपाळाला लावू द्यायचा नाही. यावर मला हसूच फुटलं. मोठ्यांचा पालथा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, हे आपल्याकडे लेकरू चालायच्या आधी शिकतं. मी विचारलं, हात नको तर काय पाय पुढे करू? ते हसले नाहीत. पालथ्या हातावर शिक्का असतो, म्हणाले. आणि प्रत्येक नियम कुणाच्या तरी पायी लिहावा लागलाय, बाई.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पहिला दिवस छान गेला. फाटकावर गिल्डा नावाची जाडजूड, गालात हसणारी पहारेकरीण आहे. झडती घेताना गुदगुल्या करते आणि वर म्हणते की मॅम, श्वास सोडा, पोट काही चोरीचा माल नाही. मग पालथ्या हातावर निळ्या शाईचा गोल शिक्का मारते. बाहेर पडताना तो दाखवायचा. शिक्का असेल तो पाहुणा, नसेल तो घरचा, मग बिशप का असेना, असं तिचं ठरलेलं वाक्य आहे. घाम येऊ देऊ नका म्हणाली, शाई स्वस्तातली आहे.

चाळीस माणसांच्या जागेत एकशे बारा जण राहतात. चार वाजता हजेरी होते. आम्ही पाहुणे भिंतीशी उभे राहतो, आकडा जुळला की मगच फाटक उघडतं. नावं पुकारली जात होती आणि मी सवयीनं मनात खुणा करत होते. वर्गात असतो तसा एक उशिरा ओ देणारा इथेही सापडला. आधी खोकला, मग बारीक आवाजात 'हजर'.

त्याचं नाव एपिफानियो दालुम्पिनेस, सगळे पानो म्हणतात. पन्नाशीचा, सुतळीसारखा माणूस. एक म्हैस चोरल्याचा आरोप आहे आणि नऊ वर्षं झाली, खटला उभाच राहिला नाही. ती म्हैस म्हणे मालकाकडे परत आली, तीनदा व्याली आणि म्हातारी होऊन मेली. हे तो स्वतःच सांगतो आणि हसतो. घरून कुणी येत नाही. बाहेर पडलास तर काय करशील विचारलं, तर म्हणाला, काही नाही मॅम, फाटकापासून समुद्रापर्यंत चालत जाईन. इथून लाटा ऐकू येतात, नऊ वर्षांत दिसल्या नाहीत.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आज मी नियम मोडला. लिहून टाकते, म्हणजे मन हलकं होईल.

पानो डोंगरातला. त्याचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता आणि तो आज फादर देणार होते. धर्मपिता म्हणून चर्चनं ठरवलेला दुकानदार आलाच नाही. फादर ताटकळले, पानो धुतलेला सदरा घालून उभा. ब्रदर तेओदुलो म्हणाले, पुढच्या महिन्यात करू. पानोनं मान खाली घातली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, मॅम, तुम्ही?

आता सांगा, विचारल्यावर नाही म्हणायचं? धर्ममाता व्हायला नकार दिला की दोघांच्याही नशिबावर टाच येते, हे आई आम्हाला सांगायची. मला त्रेपन्न धर्मलेकरं आहेत आणि पोटचं एकही नाही. नाताळाला लेकरं भेटवस्तू मागायला येतात म्हणून दारं लावून दडून बसणाऱ्या धर्ममाता मी पुष्कळ पाहिल्या. मी कधीच दडले नाही. मी पुढे झाले.

पाणी ओतून झालं आणि पानोनं माझा हात धरून कपाळाला टेकवला. घामानं शाई ओली होती, त्याच्या कपाळावर निळा अर्धगोल उमटला. सगळे हसले. गिल्डा ओरडली की अरे, हा निघाला बघा सुटून! त्यानं भिंतीवरच्या आरशाच्या तुकड्यात ती खूण पाहिली. हसला नाही. बराच वेळ पाहत राहिला. मग मला धर्ममातेची हाक मारून म्हणाला, निनांग, नाताळाला येईन हं, माझी भेटवस्तू न्यायला.

ये की, मागशील ते देईन, असं मी बोलून गेले.

ब्रदर तेओदुलो मला घरापर्यंत सोडायला आले. सोलिंगच्या दारात एवढंच म्हणाले की नात्यातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो नियम होता.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पानो मंगळवारी गेला. छाती भरली होती. दोन शनिवार तो आजाऱ्यांच्या खोलीत होता आणि मला आत सोडलं नाही. तुरुंगामागेच पुरला. प्रेत कुणी मागितलं नाही. मी मागू शकले असते, पण एक सही करायची होती आणि ब्रदर तेओदुलोंनी नको म्हटलं, नियमात बसत नाही म्हणाले. एक नियम मोडला होता म्हणून दुसरा पाळला. मला माझीच लाज वाटते.

हजेरीत त्याचं नाव अजून पुकारतात. गिल्डा म्हणाली, कोर्टाचा कागद आल्याशिवाय नाव काढता येत नाही, मॅम. नऊ वर्षं कागद आला नाही, तो आता काय येतोय. नाव पुकारलं, सगळे दोन क्षण गप्प राहिले, मग पुढचं नाव. मला रडू आलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज आकडा जुळेना. एकशे बारा भरले, हवेत एकशे अकरा. गिल्डानं चेष्टा केली की एखाद्याला जुळं झालं असेल. तीनदा मोजलं, दर वेळी एकशे बारा. शेवटी तिनं वहीत एकशे बारा लिहिलं, कारण नावंही तेवढीच होती. नियमानं सगळं बरोबर होतं.

फाटकावर माझा शिक्का फिकट झालेला. आज ढग होते, घाम नव्हता.

शनिवार, ७ डिसेंबर

पुन्हा एकशे बारा. पानोचं नाव पुकारल्यावर मी कान दिला. करू नये ते केलं.

आधी खोकला आला. मागच्या रांगेतून. मग काही नाही.

कुणी वळून पाहिलं नाही. सगळे समोर बघत होते, मुद्दाम. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. शिक्का अर्धाच उरला होता, नेमका अर्धगोल. गिल्डानं हात फिरवून फिरवून पाहिला, मग बोटानंच जा म्हणून खुणावलं. आज तिनं थट्टा केली नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

शिक्का नाही. आत जाताना मारला होता, मी तो पाहिला होता. हजेरी चालू असताना पालथ्या हातावर काहीतरी टेकलं. गार, हाडाचं, किंचित ओलं. कपाळ. त्रेपन्न लेकरांनी तो हात कपाळाला लावलाय, मला चुकीचं कळणार नाही.

गिल्डानं ब्रदर तेओदुलोंच्या शब्दावर सोडलं, पण सांगितलं की मॅम, ही शेवटची वेळ. नाताळानंतर माझी बदली आहे, नाताळाला मी सुट्टीवर आहे. तुम्ही पुन्हा येऊ नका.

वाटेत ब्रदर तेओदुलोंनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. धर्ममातेचा नियम दुसऱ्याच अक्षरात आहे, बाईच्या, पेन्सिलीनं. तुमच्या आधीची, म्हणाले. ती कुठे आहे विचारलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. मग म्हणाले, मंडळात आम्ही नेहमी पाच जणच असतो.

शनिवार, २१ डिसेंबर

गेले नाही. सोलिंगबरोबर अंगणात कागदी चांदण्या टांगत होते. चार वाजता शिडीवर असताना हात गार पडला, तेच कपाळ. टेकला, उठला. टेकला, उठला. मी हात पाण्यात घातला, उन्हात धरला. तो घाई करत नव्हता. आठवण करून देत होता फक्त.

सोलिंग म्हणते, बुधवारी दार लावून बसू. नाताळाला दडून बसायचं. मी?

बुधवार, २५ डिसेंबर, सकाळी

जाणार आहे, आज नाताळाचं म्हणून मंडळ आत जातंय. एक नवा सदरा घेतलाय, निळा. तो त्याच्या खाटेवर ठेवीन, सही केली नाही त्याची माफी मागीन आणि जा म्हणून सांगेन. लेकराला लेकरासारखं सांगितलं की ऐकतं. सोलिंगला कळू दिलं नाही.

बुधवार, दुपारी

फाटकावर नवा पहारेकरी, मला ओळखत नाही. शिक्का मारला, गडद. आत जाताना आम्ही पाच जण मोजले. आत तळलेल्या शेवयांचा वास, गाणी चालू आहेत. सदरा खाटेवर ठेवला. बोलायचं ते बोलले. मग पाठ फिरवली, वळून पाहिलं —

खाटेवर सदरा नव्हता.

साडेतीन

तो आला. भर उजेडात, गाणाऱ्यांच्या मधून. निळा सदरा, जरा सैल. कुणी बाजूला झालं नाही, तरी वाट झाली. समोर येऊन वाकला आणि थांबला. स्वतःहून हात धरला नाही. वाट पाहत राहिला, नऊ वर्षं पाहिली तशी.

मी जाऊ शकले असते. दोन पावलं मागे, बस.

मीच हात पुढे केला.

चारला दहा कमी

मंडळ निघालं. आज नाताळ, हजेरीआधीच सोडतायत. मी पाचवी — फाटकाशी गेले — पहारेकरी म्हणाला, मागे हो. पाच गेले. मी म्हटलं, मी त्यातली. हात दाखव म्हणाला. हात —

कोरा. धुतल्यासारखा.

गजातून दिसतंय. ब्रदर तेओदुलो, तिघं जण, आणि निळा सदरा. तो त्यांच्यात नाही थांबला. रस्ता ओलांडून समुद्राकडे — पळत नाहीये, चालतोय, म्हणाला होता तसा. मला आनंद झाला. देवा, आधी आनंदच झाला.

मी ओरडले. ब्रदर तेओदुलो वळले. माझ्याकडे नीट पाहिलं, मायेनं. म्हणाले, देव तुझं भलं करो, पानो.

चार

हजेरी. रांगेत उभं केलंय. पेन्सिल बोथट — मागे पुढे सगळे समोर बघतायत, मुद्दाम. मी नाव सांगितलं, आवेलिना मागबानुआ, शिक्षिका — वहीत नाही म्हणतो. वहीत एकशे बारा आहेत आणि एकशे बारा भरतात.

दालुम्पिनेस, एपिफानियो.

कुणी खोकलं नाही. तो गेला. सुटला —

पुन्हा पुकारलं. मी ओ देणार नाही. अडतीस वर्षं मी पुकारलं, मला माहीत आहे, गप्प राहिलं की पुढचं नाव —

तिसऱ्यांदा. घशात काहीतरी खवखव — दाबून धरलंय — सोलिंग, दार लावून बसलो असतो तर — हात वर जातोय, माझा नाही तो, मी नाही —