तुझी खुर्ची मी घरी नेतोय

प्रिय सुमे,

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. तू गेलीस तेव्हा रडून झालं. आता राग येतोय, आणि तो तुझ्याशिवाय काढू कुणावर? घाटकोपरच्या चाळीत कळायला लागल्यापासून मी तुझ्याशीच भांडत आलो.

तुझी गाळणी बुडायला आलीय. कोळंबीच्या सालपटांची पावडर करून ती माझ्या वर्कशॉपच्या प्लेटिंगच्या सांडपाण्यातलं विषारी क्रोमियम धरणार, असं तू म्हणालीस तेव्हा मी हसलो होतो. मनोरीच्या कोळीवाड्यातून गोणीभर सालपटं आणतेस, अख्ख्या दहिसरला वास, आणि म्हणे संशोधन! मग माझं ते पिवळंजर्द पाणी तुझ्या नळीतून नितळ होऊन उतरलं. वर्कशॉपच्या मागची शेड तुझ्या टीमला दिली ती त्याच दिवशी.

आता तुझ्या कामाला पैसे देणाऱ्या संस्थेने सांगितलंय, पावसाळ्याआधी चाचणी दाखवा, नाहीतर काम बंद. आणि काल हाताशी होती नव्हती तेवढी पावडर केतकीने गरम पाण्याने धुतली. पार लगदा! वाट लागली सगळ्याची.

पावडर बनवणारी तीच, हुशार पोरगी. चुकली. माणूस चुकतो, त्याचा राग नाही मला. पण तुझा तो इंजिनियर समीर, यंत्र जुळवणारा, बाजूला उभा राहून पुटपुटला, "परत तेच." माझे कान तुला माहीत आहेत. मोटर जळायच्या आधी मला तिचा आवाज बदललेला कळतो. मी त्याला तिथेच धरला. परत म्हणजे काय रे?

मान खाली घालून बोलला. गेल्या आठवड्यात चिमूटभर पावडरीवर त्यानेही गरम पाणी घालून पाहिलं होतं. असाच लगदा झाला. गुपचूप टाकून दिला.

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. "मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार? मॅडम कुठे होत्या?"

सुमे, तुझी चार माणसं रोज त्याच शेडमध्ये असतात गं! चार! आणि हा म्हणतो, कुणाला सांगणार?

तुझे सोमवार आठवले. डबाभर कोथिंबीर वड्या आणायचीस, आणि झाकण उघडायच्या आधी विचारायचीस, "काय काय फसलं?" ज्याचं फसलं त्याने ती वस्तू टेबलावर ठेवायची, कडेची कुरकुरीत वडी त्याची. तडकलेली नळी, गळका जोड, बुरशी आलेली पावडर. आपलंच जास्त फसलंय म्हणून भांडायचे लेकाचे! माझ्याकडे कामगार चूक लपवतो, तुझ्याकडे मिरवतो. मला वाटायचं, टीम असावी तर अशी.

पण मी कोपऱ्यात चहा घेऊन बसायचो, आणि ऐकायचो. समीर तुला म्हणायचा, केतकीची पावडर भुसभुशीत आहे, पाणी तुंबतं. तू तिच्याकडे वळून विचारायचीस, दाणा जरा घट्ट होईल का गं? ती तुला म्हणायची, याचा पंप रेड्यासारखा ढकलतो. तू समीरला म्हणायचीस, वेग थोडा कमी करून बघूया. प्रत्येक कडू गोष्ट तुझ्याकडून गोड होऊन पुढे जायची. शेजारी शेजारी बसून ती दोघं एकमेकांशी कधी बोललीच नाहीत! तुला हे दिसत नव्हतं? की आवडत होतं? खरं सांग.

तू गेल्यावर समीरने तो "भुसभुशीत" पहिल्यांदा केतकीच्या तोंडावर टाकला. तिने आपलं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. झालं. टीम संपली.

आणि तुझं स्वतःचं काय गं? सगळ्यांचं फसलेलं टेबलावर, तुझं दुखणं मात्र दडवलेलं. पोटावर हात दाबून बसायचीस आणि मला सांगायचीस, ॲसिडिटी रे. तुझ्याच नियमाने कडेची वडी तुझी नव्हती का? कधी उचललीस?

तुझी खुर्ची त्यांनी तशीच ठेवलीय, पाठीवर तुझी शाल. काल भांडतानासुद्धा दोघं त्या खुर्चीकडे बघून बोलत होती. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, उद्या दोघांनी मार्व्याहून होडीने मनोरीला जायचं, नवी सालपटं आणायची. केतकी म्हणाली, "याच्याबरोबर?" म्हटलं, हो बाई, गोणीला दोन टोकं असतात.

सोमवारी वड्या मी करणार आहे. मला तळता येत नाही, तेव्हा टेबलावर पहिलं फसलेलं माझंच. समीर दुसरा. त्याने सांगायचं ते केतकीला, तिच्याकडे बघून, आणि तिने चिडायचं असेल तर त्याच्यावर. मध्ये पडून मी काही गोड करणार नाही.

म्हणून तुझी खुर्ची मी घरी नेतोय. शाल धुऊन, घडी घालून ठेवीन. गाळणी वेळेत होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण माझ्या शेडमध्ये यापुढे कुणी रिकाम्या खुर्चीला चुका सांगणार नाही, हा माझा शब्द.

रागावलीस तर रागाव. तेवढं तरी कर.

तुझा भांडखोर शेजारी,
दत्ता