परसादाची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ

कमळाअक्काचं कपाळ डोळ्यांपुढून हलंना.

अण्णाच्या आतड्यात कॅन्सर निघाला. सख्खा भाऊ म्हणून डॉक्टरांनी मलाही संडास तपासायला सांगितलं. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडतं म्हणे, आतड्यातले काही घातक जंतूही कळतात. सुरुवातीलाच कळलं तर माणूस वाचतो. सकाळी डबी भरली, पिशवीत घातली आणि औरादहून बीदरच्या बसमध्ये बसलो. शेजारी आमच्या गल्लीतली कमळाअक्का.

"पिशवीत काय न्यायलास रं?"

"देवीचा परसाद."

कामून म्हणलो असं? औषध म्हणलो असतो तरी चाललं असतं. अक्कानं पायातली चप्पल काढली, पिशवीला हात लावला आणि तोच हात कपाळाला. ठसठशीत कुंकू लावलेलं कपाळ. मी पुढच्याच स्टॉपला उतरलो आणि पिशवी बाभळीत फेकली.

आत्ता अण्णाचा फोन आला. "डबी दिलास का?"

"व्हय," म्हणलो.

"बरं केलास. माझं रक्त पडत व्हतं, मी मूळव्याध म्हणून लाजून बसलो. तू तरी लाजला न्हाईस."