हर्षदाची चौकट

मालवण, २० मे

प्रिय रत्नमालाताई,

तुले, मायले आन साऱ्या घराले मालवणहून जय भीम.

मी बरी आहो. समुद्राले भेत नाही, असं मायले सांग. तिचा गुडघा मालेगावच्या डॉक्टरले दाखवला का?

आता पुढचं मायले वाचून दाखवू नको.

आमी येथं तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे लोखंडी चौकटीवर बांधून पान्याखाली जगवतो. सोबतची हर्षदा इथल्याच मासेमाराची पोरगी. मी विहिरीत पोहणं शिकली, अन् ती मासोळीवानी पोहते. तिचे तुकडे माह्यापेक्षा दुप्पट वाढले. पाहुणे आले का आमच्या कामावरचे सर तिचीच चौकट दाखवतात. माह्या जिवाची लय जळफळ होते, ताई.

सोमवारी ती तापानं घरी होती, म्हणून तिची चौकट पाहाले मी उतरली. तुकडे पांढरे पडून राह्यले होते. उन्हानं पानी तापलं का प्रवाळ असं पांढरं पडते, मंग मरते. खरं सांगू, मले बरं वाटलं. वर येऊन सरांले म्हटलं, "सारं ठीक आहे."

पण ते पांढरे तुकडे दिवसभर डोयापुढून हलले नाही. मंगळवारी सकाळी सरांले खरं सांगितलं. आमी चौकट खोल, थंड पान्यात नेली. तरी अर्धे तुकडे मेले.

हर्षदा आल्यावर तिलेबी सांगितलं. तिनं मेलेले तुकडे सोडवून काढले. मंग म्हणे, "उद्या तुजी चौकट पण खाली नेवया, नायतर तीय मरतली."

आता तिच्या पोहण्यापेक्षा तिच्या मनाचाच जास्त हेवा वाटते.

तुही लहान बहीण,
धम्मदीपा