मुक्या पाट्या

प्रिय होबर्ट,

तू टेक्सासला गेल्यापासून कुत्रा तुझ्या खुर्चीतच झोपतो. टोमॅटो पिकलेत. आणि रेडिओवर तुझं ‘मुक्या पाट्या’ रोज एकदा तरी लागतंच. काल किराणा दुकानात लागलं, तर गल्ल्यावरची मुलगी हातातली पिशवी तशीच धरून ऐकत राहिली. हे गाणं कसं सुचलं असं तुला सगळे विचारतात, आणि तू “सुचलं असंच” म्हणून टोपी पुढे ओढतोस. तुझी बाजू तुला ठाऊक आहे. मी जवळून काय पाहिलं, ते मात्र तुला कधी सांगितलं नाही.

क्लेटसच्या मयताचा दिवस आठव. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून फिडल वाजवणारा तुझा जिवलग. एरवी कुठे काही वाचायचं असलं की मी आदल्या दिवशी तुला वाचून दाखवायचे आणि तू ते पाठ करायचास. त्या दिवशी चर्चमध्ये त्याच्या बायकोने, ओपलने, अचानक तुझ्या हातात कागद दिला. “त्याच्या आवडीच्या ओळी आहेत. तूच वाच,” म्हणाली. मी उठेपर्यंत तू तो कागद शवपेटीवर ठेवलास आणि सगळ्यांच्या मधून बाहेर निघून गेलास. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, “प्यालाय वाटतं. मित्राच्या मयतालासुद्धा!” ओपलची मान खाली गेली. गाडीत तू मला म्हणालास, “दारुडा म्हणू देत, व्हर्ना. ते चालतं.” खाणावळीत मेनू समोर आला की “आज कॅटफिश आहे बरं का” असं मोठ्याने म्हणायची सवय मला कशी लागली, हे तुझ्या बँडलासुद्धा कधी कळलं नव्हतं.

मग एका सकाळी तू न सांगता गाडी काढलीस. मी धावत येऊन शेजारी बसले. ओपलने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तू टोपी काढलीस. “ओपल, मी प्यालो नव्हतो. मला वाचता येत नाही.” बाईने जन्मभर पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवली. तिने एवढंच विचारलं, “क्लेटसला माहीत होतं?” “नाही.” “गाढव आहेस. त्याने तुला माझ्यापुढे बसवलं असतं. ये आत, कॉफी घे.” तू तिच्या स्वयंपाकघरात रडलास. तुला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. परतताना तू गुणगुणत होतास, आणि ओढ्यावरचा पूल येईतो पहिली ओळ झाली होती: “साऱ्या वाटा मला पाठ, पाट्या साऱ्या मुक्या.”

नॅशव्हिलचा तो रेकॉर्ड काढणारा निर्माता म्हणाला, “चाल सुरेख आहे. फक्त ‘मी’च्या जागी ‘तो’ घाल. लोक हसतील तुला.” खरं सांगते, तू हो म्हणावंस असं मला वाटत होतं. तू म्हणालास, “हसू देत. ‘तो’ म्हटलं तर मी पुन्हा चर्चमधून पळाल्यासारखं होईल.”

आणि जत्रेतली ती दुपार! लोक नाचायला आले होते. तू बँडला खाली बसवलंस आणि एकटा गिटार घेऊन उभा राहिलास. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, तरी थांबला नाहीस. गाणं संपलं आणि कुणी टाळीच वाजवेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतला तो धिप्पाड खाणकामगार उठला, मंचाशी आला, तुझा हात धरून एवढंच म्हणाला, “मीसुद्धा, होबर्ट.” त्याच्या बायकोने तोंडावर हात धरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग टाळ्या सुरू झाल्या, पण मला आठवतो तो त्यांच्या आधीचा क्षण.

परवा ओपल आली होती. म्हणाली, माझ्यापुढे बसून बसून होबर्ट आता अख्खं पान वाचतो, फक्त लांबलचक शब्दांशी भांडतो. ती गेल्यावर मी टेबलापाशी बसले. इतकी वर्षं तू गावोगाव फिरलास. इतर बायका नवऱ्यांना पत्रं टाकायच्या आणि मी फोनची वाट बघायचे. फोनवर एक गोष्ट मला कधी नीट सांगताच आली नाही, कारण तू लगेच चेष्टेवर नेतोस. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे माझं तुला पहिलं पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. अडलास तर थांब, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जा. मला काही घाई नाही.

तुझीच,
व्हर्ना