लिनबाईंची देवी आमच्या देव्हाऱ्यात

चि. पमीस तुझ्या माईचे अनेक आशीर्वाद.

इथे कुवेतात सगळं बरं आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना?

आमच्या वरच्या मजल्यावर लिनबाई नावाची चिनी म्हातारी राहते. तिच्या खोलीत त्यांची समुद्राची देवी आहे. शुक्रवारी चिनी माणसं नमस्काराला येतात. आता घरमालकाला ती खोली महिनाभर दुरुस्तीला हवी. मी म्हटलं, देवीला आमच्याकडे आणा. क्षितिजाने ते इंग्रजीत सांगितलं, गुणाची गं नात माझी.

मयूर चिडला. "आई, बिल्डिंगमध्ये बोभाटा होईल. कंपनीपर्यंत जाईल. तिथे माणसं कमी करतायत, आत्ता हे नको."

मी म्हटलं, देवीलाच विचारू. त्यांच्यातही आपल्यासारखा कौल असतो. लाकडाचे दोन तुकडे टाकायचे, एक उताणा आणि एक पालथा पडला की हो. तीनदा टाकले, तीनदा हो आलं.

"लाकडाचं काय ऐकायचं?" मयूर म्हणाला.

"तुझं लग्न फुलांच्या कौलावर ठरलं, तेव्हा बरा गप्प होतास," मी म्हटलं. सूनबाई तोंडाला पदर लावून हसली.

आता देवी आमच्या गणपतीशेजारी बसलीय. गावात कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांग, माईनेच आणली.

मयूरची नोकरी टिकेल का, तेही मी हळूच विचारलं. दोन्ही तुकडे पालथे पडले, म्हणजे नाही. त्याला बोलले नाही. उद्या परत विचारणार आहे. देवी हो म्हणेपर्यंत पाटावरून उठायची नाही मी.

तुझी थोरली बहीण,
माई