साहेबांच्या खांद्यावर पाल

इंदिरानगर, नाशिक
१२ जुलै १९९८

तीर्थरूप दत्तूदादास,

आशाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, वहिनींचा गुडघा आणि दिंडोरीची द्राक्षबाग, तिघांच्याही प्रकृती बऱ्या असतील असे धरून चालते. (बागेची आधी कळव, बाकीच्या तिच्यावरच अवलंबून.)

दादा, मी नोकरीत कायम होणार! परवा तपासणीचे साहेब आले होते. कायम करायचे की घरी पाठवायचे, ते माझा एक पाठ पाहून ठरवणार होते. पाठ कोणता, तर चौथीला सरपटणाऱ्या प्राण्यांची ओळख. फळ्यावर साप, सरडा, कासव, मगर काढले. (मगरीला मुले घोरपड म्हणाली. मीही वाद घातला नाही.) यांच्या अंगावर खवले असतात, रक्त थंड म्हणून ही मंडळी ऊन खात बसतात, बहुतेक अंडी घालतात, आणि पाल तर आपली शेजारीण, किडे खाते, तिला विष नसते, भ्यायचे काही कारण नाही, इतके सांगते आहे तोच ट्यूबलाइटमागून खरीच पाल सुटली, ती थेट मागच्या बाकावरच्या साहेबांच्या खांद्यावर! शेपूट तिथेच टाकून ती पसार झाली आणि शेपूट वळवळत राहिले. शत्रूला असेच गुंगवतात, हेही मी सांगून टाकले. (संधी कोण सोडतो?) मुलांची दिवाळी झाली.

साहेब विज्ञानाचे पदवीधर. पण आमचा शिपाई झुंबर म्हणाला, "साहेब, कपड्यासकट आंघोळ करावी लागंल. तसंच ऱ्हाणं बरं नाय." साहेब निमूटपणे सफारीसकट नळाखाली बसले. मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी पंचांग काढून फळ वाचले: उजवा खांदा, मान वाढेल. साहेबांची बढती अडकलेली, त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! ओल्या हातानेच शेरा लिहिला, 'पाठ प्रत्यक्ष अनुभव देणारा. बाईंना कायम करावे.' मला रडूच आले रे.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
आशा

ता. क. मुख्य काम राहिलेच. हाच पाठ रविवारी तालुक्यातल्या शिक्षकांपुढे जिवंत पालीसह घ्यायचा हुकूम आहे. शाळेतली पाल बेपत्ता आहे. तुझ्या मळ्यातल्या खोलीत ढीगभर आहेत, एक बरणीत घालून आण.

आणखी ता. क. बरणी पाठवू नकोस, घेऊन तूच ये, झाकणही तूच उघड. परवा पाल पडल्यापासून पुढचा सगळा पाठ मी टेबलावर उभी राहून घेतला. साहेबांना ती शिकवण्याची नवी पद्धत वाटली.